दोन दिव्यांची पेटी

हिरवं बटण दाबल्यावर दोन्ही दिवे पेटले, आणि साक्षी म्हणाली, "पप्पा, तुमची पेटी बिघडली." एवढंच झालं. अरविंद दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल साफ, अशा अवतारात तो बाहेरच्या खोलीत आला आणि बघतच राहिला. टेबलावर पेटी होती, पेटीवर तांबडा आणि हिरवा दिवा शेजारी शेजारी मिणमिणत होते, आणि पोरीचं बोट अजून बटणावरच होतं. तिनं हिरवं बंद करून तांबडं दाबलं. आता एकही पेटला नाही. "हात लावायला कुणी सांगितलं होतं?" तो ओरडला. "मी काही नाही केलं. दिव्यांच्या जागा फक्त बदलल्या. तुम्हीच म्हणता ना सगळ्यांना, कुणीही बदलून बघा म्हणून?" साक्षी बारावीला होती, आणि बारावीच्या पोरांना येतं ते सगळं शहाणपण तिच्या आवाजात उतरलं होतं. अरविंदनं तिला आत हाकललं. आज रविवार होता, कारखान्याच्या वार्षिक शटडाऊननंतरचा पहिला रविवार. अकरा वाजता हैबती गाडी घेऊन दारात येणार होता आणि पेटी मांडीवर घेऊन, दर वर्षीसारखं, कारखान्यातला जुना सोबती केरू याच्या वाडीवर जेवायला जायचं होतं. नऊ वर्षांत पेटी एकदाही चुकली नव्हती. चुकायला तिला हाच दिवस सापडावा, आणि तोही पोरीच्या हातून, याचा त्याला इतका संताप आला की साबण गालावर वाळून गेला तरी कळलं नाही.

पेटी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हतं. सागवानी फळीचा लहानसा खोका, वर काच, काचेच्या कडेला दोन होल्डर, दोन बटणं, आणि मागे दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. काच मुद्दाम घातली होती, आतली तार सगळ्यांना दिसावी म्हणून. एकच तार. ती दोन्ही बटणांतून जाऊन दोन्ही दिव्यांतून निघे आणि परत घरी येई. गणपतीतल्या माळेचं असतं तसं. पेटले तर सगळे, गेले तर सगळे. दोन्ही बटणं दाबल्याखेरीज अशा पेटीत काही पेटायचं नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि अरविंदच्या पेटीत तांबडं बटण दाबलं की एकटा तांबडा पेटे, हिरवं दाबलं की एकटा हिरवा. समोरच्याला वाटे, जागेत काहीतरी गोम असणार. "मग बदला की जागा," अरविंद म्हणे, अगदी गरिबासारखं तोंड करून. दिवे काढून इकडचा तिकडे लावला तरी तांबडं बटण आपला तांबडा बरोबर शोधून काढी. मग बघणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होत. कारखान्यातल्या लोकांची अक्कल एकाच रस्त्यानं चालते, बदलून बघ. पंप चालेना, फ्यूज बदलून बघ. तरी चालेना, कार्ड बदलून बघ. तरीही चालेना, तर ज्यानं तक्रार केली त्याची शिफ्ट बदलून बघ. विचार करायचा असतो हे त्यांच्या गावीही नसतं. अरविंदनं पेटी बांधली ती नेमकी याच सवयीवर. त्यांनी बदलावं, पुन्हा बदलावं, आणि जिथल्या तिथं यावं.

गुपित तांदळाच्या दाण्याएवढं होतं. चार डायोड. डायोड म्हणजे विजेला एकाच बाजूनं उघडणारं दार. घरातली वीज सारखी जा-ये करत असते. त्यातली जाणारी तांबड्याची आणि येणारी हिरव्याची, अशी वाटणी त्यानं या चार दारांकडून करवून घेतली होती. दोन दाणे बटणांच्या पोटात, दोन दिव्यांच्या टोपीत. त्यासाठी झिरोचे बल्ब फोडून त्यांच्या पितळी टोप्या घेतल्या, आत स्कूटरचे बारके दिवे बसवले, डायोड दडवला, वरून एमसील लिंपलं, आणि दिव्यांच्या काचेला आम्रपालीच्या नेलपॉलिशचा हात दिला. बायकोकडे हिरवं नेलपॉलिश नव्हतं. तिनं ते मुद्दाम आणून दिलं आणि कशाला हवं हेही विचारलं नाही. त्याला बरं वाटलं होतं. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की हैबती सुपरवायझर झाला म्हणून.

कारण खरं ते तेवढंच होतं. ज्या हैबतीला मीटरचा काटा उलटा गेला तर मीटर उलटा धरायची बुद्धी होई, ज्याचे लॉगबुकातले शेरे अरविंद सांगे आणि तो फक्त सही करी, तो हैबती नऊ वर्षांपूर्वी इन्स्ट्रुमेंट विभागाचा सुपरवायझर झाला. साहेबाच्या मेव्हण्याचं घर शिफ्ट करताना त्यानं खांद्यावर फ्रिज वाहिला होता म्हणे. अरविंद टेक्निशियन होता, टेक्निशियनच राहिला. "तुझं काम एक नंबर आहे, पण तुझं लोकांशी जमत नाही," साहेब म्हणाला. लोकांशी जमत नाही! लोकांशी जमवायला लोक नकोत का? त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही आणि त्यानं पुढचे चार रविवार लावून पेटी बांधली. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस हैबती साहेब, एक दिवस मात्र चौघांसमोर हैबतीनं नंदीबैलासारखी मान हलवावी आणि म्हणावं, "नाय रे बाबा, डोक्याबाहेरचं हाय." त्या एका दिवसावर अरविंद उरलेलं वर्ष काढी. कुणाला हसू येईल, पण होतं ते असं होतं.

त्यानं मीटर काढला. डायोड चारही शाबूत, सांधे शाबूत, तार शाबूत. साबणानं गाल खाजत होता. त्यानं तांबडा दिवा होल्डरमधून काढला, उगाच पुसला, परत लावला. तांबडं बटण, तांबडा दिवा. हिरवं बटण, हिरवा दिवा. पेटी ठीक. मग त्यानं दिवा पुन्हा काढला, अर्धा फिरवून लावला, आणि हिरव्या बटणावर दोन्ही पेटले. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि कानशिलं तापली. पिनांचा बल्ब होल्डरमध्ये दोन बाजूंनी बसतो. दोन पिना, दोन खाचा. असा घाला नाहीतर तसा घाला. साध्या बल्बाला त्याचं सोयरसुतक नसतं, पण ज्याच्या पोटात एकाच बाजूनं उघडणारं दार आहे त्याला उलटा घातला की दारही उलटं. एवढी साधी गोष्ट. वीस वर्षं जगाला अडाणी म्हणत फिरलेल्या माणसाला ती नऊ वर्षं दिसली नव्हती. का, तर त्याच्या हातून दिवा कधी उलटा बसलाच नाही. टोपीवरचं कंपनीचं छापील नाव आपल्याकडे करूनच बल्ब लावायचा, ही त्याची शिस्त. बाकीचे गबाळे लावतात तसं तो लावत नसे. शिस्तीनंच त्याला आंधळं केलं होतं. पण हे सगळं मागाहून. आधी त्याला दिसली ती खूण. टोपीच्या एका पिनेजवळ पितळेवर बारीकसा चरा होता, केसाएवढा, कानशीच्या कडेनं एकदाच ओढलेला. दुसऱ्या दिव्यावरही, त्याच जागी. आणि दोन्ही होल्डरांच्या काठावर, एकेका खाचेपाशी, तसाच. चरा चऱ्यासमोर आणला की दिवा बरोबर बसे. या चारही खुणा त्याच्या नव्हत्या.

हैबतीनं खालून हॉर्न वाजवला, एकदा वाजवून भागणाऱ्यांतला तो नव्हताच. अरविंद अर्धी राहिलेली दाढी घाईत उरकून, गालाला कापून घेऊन खाली आला. गाडीत मागे मोरू बसला होता, पायाशी केरूच्या घरासाठी तेलाच्या पिशव्या; अरविंद त्याच्या शेजारी शिरला. मोरू आता बॉयलरवर होता, वाढलेल्या पोटामुळे त्याला गाडीत शिरायला वेळ लागे आणि निघायला त्याहून जास्त. "आणली का जादूची पेटी?" मोरूनं विचारलं. हैबती आरशातून हसला. "ह्या वेळेस सोडवणार आपण. मी यूट्यूबवर बघितलंय. आत चिप असते, चिप. ब्लूटूथची." एरवी या वाक्यावर अरविंद पोलादपूरपर्यंत जगला असता. मोबाइलवर सकाळी आलेलं ज्ञान दुपारपर्यंत आपलं म्हणून विकणारी ही जात. देवानं यांना अंगठा दिला तो स्क्रीन वर सरकवायला. पण आज त्याच्या मांडीवरची पेटी त्याला परकी वाटत होती. हमरस्त्यावर कंटेनर धावत होते, बाजूला कापलेल्या भाताची खाचरं कोरडी पडली होती, आणि त्याचं डोकं एकाच हिशोबात अडकलं होतं. दिवे दोन. प्रत्येक दोन बाजूंनी बसणार. म्हणजे दोन्ही बरोबर बसायचा योग चारात एकदा. दर वर्षी हे लोक निदान तीनदा जागा बदलून बघतात. पहिल्या वर्षी दिवे त्यानं स्वतःच बदलून दाखवले होते, ते सोडून आठ त्रिक चोवीस. चारात एकदा घडायचं ते चोवीस वेळा ओळीनं घडलं. इतकं नशीब अरविंदच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्याला साधी सुट्टीसुद्धा अर्ज केल्यावर मिळत नसे.

मग बदलत कोण होतं? हैबती? छे. हैबतीनं बल्बला हात लावायचे दिवस कधीच संपले होते. मुळात त्यांच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियननं शिडी चढायची नाही, बल्ब हेल्परनं बदलायचा, असा अलिखित कायदा होता. टेक्निशियन खाली उभा राहून बोट दाखवी, हेल्पर वर चढे. वाडीवरही तेच. "केरू, बदल रे," हैबती बसल्या जागेवरून म्हणे, आणि केरू उठून बदली. कंत्राट सुटून केरू गावी गेला, बकऱ्या आणि दोन म्हशी घेऊन बसला, त्यालाही दहा वर्षं झाली. पण कायदा तसाच राहिला होता. त्याच्याच घरी, त्याचीच कोंबडी खाऊन, त्याच्याच ओट्यावर बसून हे लोक त्याला बोटानं बल्ब बदलायला लावीत. आणि त्यात अरविंदही होताच. अरविंदचं बोट सर्वांत लांब होतं.

केरू. हा विचार त्यानं झटकला. तो परत आला. केरू म्हणजे नोकरीच्या सुरुवातीला ते सगळे एकत्र राहत त्या बिरवाडीच्या पत्र्याच्या खोलीतला केरू, ज्याला एकदा शॉपमधून करंटची बादली आणायला पाठवलं होतं. नवीन हेल्परची ही जुनी चेष्टा. या स्टोअरमधून त्या स्टोअरला, तिथून सबस्टेशनला, प्रत्येक जण पुढच्याकडे पाठवतो. केरू तासाभरानं रिकामी बादली घेऊन आला आणि म्हणाला, "संपला म्हनतात. उद्या येल." त्यावर लोक वीस वर्षं हसले. अरविंद सर्वांत जास्त हसला होता. आता पोलादपूरचा फाटा मागे टाकून गाडी आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागली आणि वळणांवर मोरूचं पोट त्याच्या अंगावर येऊ लागलं, तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की भर मेमधल्या त्या दुपारी बाकी सगळे तापलेल्या लाइनखाली गॅस्केट बदलत होते आणि केरू तासभर सावलीतून फिरून आला होता. त्यानं बाहेर बघितलं. वर डोंगरावर वाळलेलं गवत नुसतं पिवळं होतं. चक्रम आहेस तू, त्यानं स्वतःला सांगितलं. केरूला एवढी अक्कल असती तर तो बकऱ्या राखत बसला असता का?

बिरवाडीच्या त्याच खोलीत मोरूनं पहिल्या दिवशी आपला तांब्या वेगळा ठेवला होता, आपल्या पथारीच्या उशाशी. तोंडानं काही बोलला नाही. बोलायची गरजच काय? अरविंदच्या वडिलांनी, श्रीपत मास्तरांनी, त्याला निघताना सांगितलं होतं, "डोकं वापर. भांडी वेगळी ठेवतील, पण डोक्याला वेगळं भांडं कुठून आणतील?" म्हणून त्यानं डोकं वापरलं, रोज, घासून पुसून, आणि मोरूच्या तांब्याकडे बघून मनात म्हणत राहिला की तुला साधा ओहमचा नियम येत नाही. चौथ्या दिवशी केरू कामावरून आला, त्यानं अरविंदच्या माठातून अरविंदच्याच पेल्यानं पाणी काढलं, घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "गार हाय रे तुजं पानी." मोरूनं मान फिरवली. अरविंदला केरूचं कौतुक वाटलं नाही. त्याला वाटलं, हे ध्यान डोंगरावरनं आलंय, याला काही कळतच नाही. पुढे मोरूचा तांब्या कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही, मोरूच्याही नाही; आता तो अरविंदच्या ताटातली भाकरी उचलून खाई. पण अरविंदनं हिशोब मिटवला नव्हता. तो सगळ्यांचाच तिरस्कार करत आला होता, सरसकट, नीट विचार करून, आणि त्याला ते फार दिवस चांगलं पुरलं होतं.

वाडी म्हणजे आठ घरं. गाडी खालच्या वळणावर लावून चढण चढावी लागे, मोरू तीनदा बसे. केरू समोरून खाली आला, पेटी अरविंदच्या हातून घेतली, त्याच्या गालाकडे बघितलं. "वस्तारा लागला काय रे?" म्हणाला आणि पुढे चालू लागला. ओट्यावर घोंगडी अंथरली होती. चुलीपाशी चंद्राबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिनं पदर सारखा करून "आलाव का भावोजी" म्हटलं. गावठी कोंबडीचा वास घरभर होता. एरवी अरविंद आल्याबरोबर काहीतरी बोले, चढण किती घाणेरडी आहे, सरकार झोपलंय, माणसं इथं राहतातच कशाला. आज तो केरूचे हात बघत होता. काळे, राकट, नखात म्हशीचं काहीतरी. या हातांनी चरा ओढला असेल? तो पहिल्या वर्षाचा रविवार त्याला आता नीट आठवला. परतताना हैबतीच्या फटफटीवर जागा नव्हती म्हणून पेटी वाडीवर राहिली होती, चार दिवस. "राहू दे, कारभारनीला दावतो," केरू म्हणाला होता, आणि अरविंद म्हणाला होता, "दाखव, बकऱ्यांनाही दाखव. त्यांना हैबतीपेक्षा लवकर कळेल." सगळे हसले होते. केरूही हसला होता.

जेवणं झाली. पेटी मध्ये आली, केरूनं घरातून वायर ओढून आणली. अरविंदनं दोन्ही बटणं दाबून दाखवली, ठरलेलं बोलला, पण आवाज त्याचा त्यालाच खोटा लागला. "बदला जागा," तो म्हणाला, पण हैबतीनं या वेळी बोट दाखवलं नाही. तो स्वतः पुढे सरकला. "आज केरू नाय. आज मी बदलणार," हैबती म्हणाला. "मला डाउट आहे, केरू तुला सामील आहे. कायतरी हातचलाखी करतोय हा." मोरू खो खो हसला. "केरू? आन् हातचलाखी?" अरविंदही हसला. त्याला हसावंच लागलं. हैबतीनं दोन्ही दिवे उपटले, डाव्या-उजव्या हातात घेतले, बोटांत फिरवून फिरवून बघितले. चारात एकदा. अरविंदला वाटलं, आता हा उलटा घालणार, दोन्ही पेटणार, आणि हा साहेब पुढची वीस वर्षं सांगत फिरणार की अरविंदची जादू मी एका मिनिटात मोडली. शॉपमध्ये, कँटीनमध्ये, साहेबाच्या मेव्हण्याच्या घरी. ही पेटी गेली तर आपल्यापाशी राहतं काय, हा प्रश्न त्याला असा उघडा कधी पडला नव्हता.

"आरं थांब थांब," केरू म्हणाला. "रस्सा हाय हाताला तुज्या. पितळंला त्याल लागलं का शॉक बसंल." "बारा व्होल्टचा शॉक?" हैबती म्हणाला, पण त्यानं हात मागे घेतले, कारण सुपरवायझर होऊनही विजेला तो मनातून भीतच असे. केरूनं दिवे त्याच्या हातातून काढून घेतले, लुंगीला पुसले. अरविंदनं डोळे त्याच्या अंगठ्यावर रोवले. केरू दिव्यांकडे बघतसुद्धा नव्हता, तो मोरूला कोंबडी कशी झाली ते विचारत होता, आणि त्याचा अंगठा पितळेवरून हळूच फिरत होता. एका जागी थांबला. दिवा बसला. दुसरा फिरला, थांबला, बसला. तांबडं बटण, तांबडा दिवा. "च्यायला," मोरू म्हणाला. हैबतीनं कपाळाला हात लावला. आणि केरूनं दर वर्षीसारखा आ वासला, डोळे मोठे केले आणि अरविंदकडे वळून मान हलवली, हे कसं बुवा, अशी. इतकं बेमालूम सोंग अरविंदनं जन्मात बघितलं नव्हतं. नऊ वर्षं तो ज्या आ वासलेल्या तोंडाकडे बघून मनातून सुखावत होता, ते तोंड त्याला आता बघवेना. "हात धुतो," म्हणून तो उठला आणि हैबती ओरडला, "मीपण पुढं बादलीवर धुतो, मग परत!"

घरामागे पाण्याची दगडी डोण होती. केरू तांब्या घेऊन मागोमाग आला आणि त्याच्या हातावर पाणी ओतू लागला.

"खूण तू केलीस," अरविंद म्हणाला.

"कंची?"

"केरू."

पाण्याची धार थांबली नाही. "हां. कानशीनं. पैल्या सालीच."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"आतलं नाय ठावं. तू काय भरलंयस त्ये तुलाच म्हाईत. दिवा उलटा बसला का दोनी पेटत्यात, येवढंच. चंद्राला दावाया गेलो न् पेटी येडी झाली. म्हटलं, मोडली. लय घाबारलो, तुला काय सांगू? मंग दोन दीस फिरवून फिरवून बगितलं तवा कळलं. परत तसं हू नये म्हनून खूण क्येली."

"मग बोलला का नाहीस? मला, त्यांना, कुणाला तरी? नऊ वर्षं येडा बनून बसतोस समोर?"

केरूनं तांब्या डोणीच्या काठावर ठेवला. बोलावं की नाही असं त्याला झालेलं दिसलं, पण मग तो बोलला, म्हशीला वैरण टाकताना बोलावं तितकं सरळ. "तू सालातून येकदा येतोस. आल्यापास्नं जाईतवर कुनाला बरं म्हनत नायस. चढन वंगाळ, हैबती गाढाव, मोरू रेडा. मला काय म्हनतोस त्येबी ठावं हाय. पर ती पेटी पेटली का तुजं त्वांड बदालतं. ल्हान पोरावानी हसतोस. चंद्राबी म्हनती, भावोजी तेवड्यापुरतं बरं दिसत्यात. येवडंच तर हाय तुज्यापाशी, अरविंदा. त्ये कशाला काडून घ्यायचं?"

अरविंदच्या हातातून पाणी निथळत होतं. त्याला केरूच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मग त्यानं नेहमीचे शब्द शोधले, अडाणी, गावंढळ, हेल्पर, बकऱ्या राखणारा. वीस वर्षं हाताशी असलेले शब्द, पण एकही केरूला लागू पडेना. कीव. त्याची कीव केली होती या माणसानं, नऊ वर्षं, न चुकता, कोंबडी कापून, बायकोला सांगून. तिरस्कार केला असता तर परवडलं असतं. त्याला तोंड देता येतं, त्याच्यावर पेट्या बांधता येतात. त्याला वाटलं की आत्ता ओट्यावर जावं, काच फोडावी, डायोड काढून हैबतीच्या हातावर ठेवावेत आणि सांगावं, हे बघ, एवढंच होतं, आणि हेही मला धड जमलं नव्हतं. ते खरं झालं असतं. ते करायला किती लागलं असतं? दहा पावलं. त्याला स्वतःबद्दल इतकी स्वच्छ, इतकी पुरेपूर किळस कधी वाटली नव्हती, आणि तरीही पाय ओट्याकडे निघाले ते दुसऱ्याच कारणानं निघाले हे त्याला निघतानाच कळलं होतं.

ओट्यावर हैबती पेटीपाशी बसला होता. त्यानं दिवे उपटून काचेवर ठेवले होते आणि ओले हात रुमालाला खसाखसा पुसत होता. "धुतले साबणानं. आता तेल नाय, शॉक नाय," तो म्हणाला. "आता मी लावणार आणि तुझं बिंग फोडणार." मोरू गुडघ्यावर रेलून पुढे झाला होता. केरू मागून येऊन खांबाशी उभा राहिला. त्यानं अरविंदकडे बघितलं, विचारल्यासारखं. हैबतीनं हात पुढे केला, तेवढ्यात अरविंदनं दोन्ही दिवे काचेवरून उचलले.

"तू राहू दे," तो म्हणाला. "केरू लावील." आणि दिवे त्यानं केरूपुढे धरले.